ढापा कुणाच्या दारात

कर भरणं हा नागरिक आणि सरकार यांच्यातला करार आहे, हे आता बहुतेक विचारवंतांना मान्य आहे. आमच्या गावालाही ते मान्य आहेच. फक्त करार म्हटला की मध्ये एक दलाल लागतो, एवढी भर आम्ही घातली. (काष्टीच्या बाजारात दलालाशिवाय शेळी विकली जात नाही, तिथे लोकशाही कशी चालेल?)

पद्धत सोपी आहे. घरपट्टी चार वर्षं कुणीच भरायची नाही. पाचव्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लागते आणि उमेदवार मतदारांची सगळी थकबाकी भरून पावती घरपोच देतो, वर पेढा. वसुली शंभर टक्के होते, नागरिकाला हेलपाटा पडत नाही, आणि पाच वर्षांतून एकदा तरी आपण श्रीमंत आहोत असं सरकारला वाटतं. गेल्या खेपेला आमच्या आळीची पट्टी गहिनीनाथतात्यांनी भरली. ते पडले. (पेढे आळीनं दोन्हीकडचे खाल्ले होते.)

माझी लेक सुकन्या आता अकरा महिन्यांची आहे. भिंतीला धरून उभी राहते आणि हात सुटला की सरळ दाराकडे निघते. दारापुढे उघडी गटार आहे. सुकन्या झोपली की मी भांडी घासते, चार ओळी लिहिते आणि गटारीकडे बघत बसते. म्हणून एके दिवशी पावती घेऊन ग्रामपंचायतीत गेले. म्हटलं, करारातली आमची बाजू पुरी झालीय, आता दारापुढच्या गटारीवर एक ढापा टाका.

ग्रामसेवक सहादेव भाऊसाहेबांनी पावती उलटसुलट पाहिली.

"ताई, नाव तुमचं हाय. पैसं कुनाचं?"

"तात्यांचं."

"मंग? बाजारात पैसं एकानं मोजलं आन् कालवड दुसऱ्यानंच नेली, आसं व्हतं का कुठं?"

विषय ग्रामसभेत गेला आणि सभेनं कराराचं पावित्र्य राखून एकमतानं ठराव केला: कर ज्यानं भरला, ढापा त्याच्या दारात. आळीसाठी मंजूर झालेले सगळे ढापे ट्रॉलीत भरून तात्यांच्या अंगणात उतरवले गेले. तात्या मळ्यात राहतात. तिथे गटार नाही. एका ढाप्यावर ते म्हैस धुतात, बाकीच्यांची थप्पी लावली आहे.

"तात्या, एक द्या की."

"देतो की सूनबाई, इलेक्शनच्या टायमाला. आत्ता दिला तर तू इसरशील."

तोवर सासूबाई दारात बाज आडवी टाकून बसतात. (सरकारी भाषेत: पर्यायी व्यवस्था.)

शेवटी मी यंदाची पट्टी स्वतः भरायला गेले. भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

"इलेक्शनला दोन वर्सं हायेत, ताई. आत्तापासनंच?"

"मी निवडणूक लढवत नाही. पट्टी भरतेय."

"व्हय, व्हय. सुरवातीला समदे आसंच म्हंत्यात." त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. "पर ढाप्याचं आता जमायचं न्हाई. उमेदवाराच्या दारात काम केलं तर लोक आमाला नावं ठेवत्यात."

संध्याकाळी शेजारच्या विजयमालाकाकू आल्या. सुकन्येचा मुका घेतला आणि स्वतःचं पट्टीचं बिल माझ्या हातात ठेवलं.

"निकिता, एवढी आमची बी टाक भरून."

"काकू, मी उमेदवार नाही हो. साधी नागरिक आहे."

"आसूं दे की. ह्ये कोनचं नवं पॅनेल म्हनायचं?"

मी समजावत राहिले. काकू घरी गेल्या, धुण्याची शहाबादी फरशी मुलाकडून उचलून आणवली आणि आमच्या गटारीवर आडवी टाकली. "हा इसार," म्हणाल्या. मी नको म्हणणारच होते. तेवढ्यात सुकन्या बाजेखालून रांगत निघाली, फरशीवर उभी राहिली, दोन पावलं टाकली आणि पलीकडे जाऊन हसली.

दुसऱ्या दिवशी मी काकूंची पट्टी भरली. दोन्ही बाजूंनी पाळलेला आमच्या गावातला हा पहिला करार.

तुम्ही नाक मुरडलं असेल. साहजिक आहे. पण कुठलाही दाखला अडलेला नसताना, कुणी मागे लागलेलं नसताना, आपण होऊन पट्टी भरायला गेलात, असं कधी झालंय? झालं असेल तर अभिनंदन. कुठल्या वॉर्डातून लढताय?