घंटा टेकडीची, दोर दरबाराचा

बाळांनो, एका जंगलात घंटा एकच होती, पण सरकारे दोन होती. वणवा दिसला की घंटा वाजवायची आणि सगळ्यांनी नदीपलीकडे पळायचे. जुन्या सनदेत लिहिले होते, घंटा टेकडीची, दोर दरबाराचा. पूर्वजांना वाटले, म्हणजे दोघे एकमेकांना धरून राहतील.

दरबारात वाघोबा होते, टेकडीवर कोल्होबा.

एकदा वणवा लागला. दौल्या मुंगूस सगळ्यांच्या आधी घंटेशी पोचला. दरबार म्हणाला, टेकडीने दोरासाठी अर्ज करावा. टेकडी म्हणाली, आपल्याच घंटेसाठी अर्ज कसला? दौल्या शिस्तीचा होता. तो घंटेखाली थांबला. थांबलाच.

त्याचा धाकटा भाऊ गुणा. शाळेत दोनच पावसाळे गेलेला. भावाची राख अंगाला तशीच ठेवून तो टेकडीवर गेला.

"कोल्होबा काका, आता तरी दोर घंटेला बांधून ठेवा."

"अरे, दोर घंटेचाच भाग आहे," कोल्होबा कळवळून म्हणाले. "दरबाराने तो बळकावलाय."

गुणा दरबारात गेला. वाघोबा म्हणाले, "दोराशिवाय घंटा म्हणजे नुसते भांडे. अख्खी घंटाच आमची."

मग निवडणूक झाली. कोल्होबा दरबारात बसले, वाघोबा टेकडीवर. गुणाला बरे वाटले. दोर आता काकांच्याच हातात होता. तो धावत गेला.

"दोराशिवाय घंटा म्हणजे नुसते भांडे," कोल्होबा म्हणाले.

तिकडे वाघोबांनी कोल्होबांचे जुने भाषण मागवून घेतले होते. ते पाठ करत होते.

पुन्हा धूर दिसला. गुणाने कोणालाच विचारले नाही. दगड उचलला आणि घंटेवर हाणत सुटला. सारे जंगल नदीपार झाले. दोन्ही सरकारे तर सर्वांत पुढे होती.

आग विझल्यावर दोघांची पहिली संयुक्त बैठक भरली. सनदेत दगड नाही, असे वाघोबा म्हणाले. कोल्होबांनी अनुमोदन दिले. दगडाचा अधिकार कोणाचा हे ठरेपर्यंत गुणाला बांधून ठेवायचे ठरले.

बांधायला दोर हवा होता. दरबाराने तो अर्जावाचून, लगेच पाठवला. टेकडीने घंटेचा खांब दिला.

गुणाने दोराकडे पाहिले.

"दादाच्या वेळी हा कुठे होता?"

बैठक संपली होती.

तात्पर्य : सनदेवरून कितीही भांडली, तरी दोन्ही सरकारे संकटात एक होतात. वणव्याला मात्र ती संकट म्हणत नाहीत.