डेनिसभाऊंची पिशवी

डेनिसभाऊंच्या गाडीत बसलं की सीट बेल्टच्या आधी हातात प्लास्टिकची पिशवी येते. ग्रोसरीची, घडी घालून त्रिकोणी केलेली, उलटी आलीच तर असावी म्हणून. ‘‘दोन्ही कान धर, तोंड मोकळं ठेव, नजर लांब रस्त्यावर,’’ अशी सूचनाही मिळते. तुम्ही प्यायलेले असा, नसा. माझ्या सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. बाईंनी जन्मात चहापलीकडे काही घेतलेलं नाही. भाऊ त्यांना देवळात सोडायला गेले, तर त्यांच्याही मांडीवर पिशवी! त्यांना वाटलं प्रसादासाठी दिली. येताना त्यांनी ती दोन केळी आणि शिरा भरून परत केली.

डेनिस तुस्कानो मूळचे वसईचे. आमच्या लंडनमध्ये, म्हणजे कॅनडात ऑन्टारिओतल्या, साहेबाच्या नव्हे, ते माझे शेजारी आहेत. दोन टाउनहाऊसमध्ये भिंत एकच, तीही पुठ्ठ्याची, त्यामुळे त्यांच्याकडची बातमी मला न विचारता मिळते. पन्नाशी उलटलीय, केस गेलेत, पोट आलंय. पण या माणसाला तुम्ही विचारा, ‘तुम्ही कोण?’ तर ते इंजिनियर म्हणणार नाहीत, वसईकर म्हणणार नाहीत. म्हणतील, ‘‘आय अ‍ॅम अ फ्रॅटर्निटी मॅन.’’

फ्रॅटर्निटी म्हणजे काय? युनिव्हर्सिटीतली पोरं एक जुनं घर घेतात, दारावर ग्रीक अक्षरं ठोकतात, एकमेकांना ब्रदर म्हणतात आणि गुरुवारपासून रविवारपर्यंत कॅंपससमोरच्या बारमध्ये मुक्काम ठोकतात. निदान गावाचं मत असं आहे. माझंही तेच आहे, खोटं कशाला बोलू?

मराठी मंडळाच्या पिकनिकला एकदा कोणीतरी म्हणालं, ‘‘पोराला अ‍ॅडमिशन मिळालीय, पण त्या फ्रॅटवाल्या दारुड्यांपासून सांभाळायला हवं.’’ डेनिसभाऊंनी हातातली प्लेट खाली ठेवली.

‘‘दारुडे? आमच्या हाऊसला रेप्युटेशन होतं!’’

‘‘कशाचं?’’ मी विचारलं.

‘‘आमच्या एकाही ब्रदरने कधी पिऊन गाडीला हात लावला नाही. त्या बारने बाकी सगळ्या हाऊसना कधी ना कधी बॅन केलं. आम्हाला नाही.’’

‘‘मग घरी कसे जायचे?’’

‘‘मी सोडायचो ना.’’

आणि कहर म्हणजे हा गृहस्थ स्वतः दारूला शिवत नाही. तेव्हाही जिंजर एल, म्हणजे आल्याचा सोडा, आताही जिंजर एल, तेही स्ट्रॉ घालून. वडील इकडे घरं रंगवायचे, त्यांची व्हॅन होती. शिड्या काढल्या की आत आठजण मावायचे. पहिल्याच आठवड्यात हाऊसच्या पोरांनी विचारलं, ‘‘लायसन्स आहे?’’ हे म्हणाले, ‘‘आहे.’’ ते म्हणाले, ‘‘वेलकम, ब्रदर.’’ हा प्रसंग सांगताना भाऊंचे डोळे भरून येतात. ऐकणाऱ्याने हसावं की काय करावं, तेच कळत नाही.

‘ब्रदर’ हा शब्द ते कोणासाठीही खर्च करत नाहीत. माझा थोरला भाऊ इकडे आला तेव्हा मी ओळख करून दिली, ‘‘हा माझा ब्रदर.’’ भाऊंनी त्याला आदराने खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, ‘‘कुठल्या हाऊसचे?’’ आणि ते हस्तांदोलन! त्यांचं एक गुप्त हस्तांदोलन आहे, त्यात करंगळी कशीतरी वाकवायची असते. मी दहादा म्हटलं, ‘‘भाऊ, दाखवा की.’’ उत्तर एकच, ‘‘देशमुख, शपथ आहे. बाहेरच्याला देता येत नाही.’’ बाप्पा, जसं काही मी ते नागपुरात नेऊन विकणार होतो!

सगळ्यांत लाडका ब्रदर म्हणजे स्कॉट. हा हाऊसचा प्रेसिडेंट. नव्या पोराला एक मोठा भाऊ नेमून देतात, तसा हा डेनिसभाऊंना नेमून दिलेला. स्कॉट असा, स्कॉट तसा, स्कॉटने बारच्या टेबलावर उभं राहून भाषण केलं. मी एकदा विचारलं, ‘‘आता कुठे असतो तो?’’ भाऊ म्हणाले, ‘‘बिझी असतो.’’

ओट्यापलीकडून फिलोमिनावहिनी कांदा चिरता चिरता म्हणाल्या, ‘‘चर्चमध्ये मुलीचं फर्स्ट कम्युनियन झालं, तेव्हा यांनी हॉलमध्ये ब्रदर लोकांसाठी एक टेबल धरून ठेवलं होतं. शेवटपर्यंत रिकामं. पाहुणे उभ्याने जेवले, पण त्या टेबलाला हात लावू दिला नाही.’’

‘‘स्नो पडत होता त्या दिवशी,’’ भाऊ म्हणाले.

‘‘जूनमध्ये?’’

भाऊंनी जिंजर एलचा घोट घेतला. वहिनी पुन्हा कांद्याकडे वळल्या.

यंदा नोव्हेंबरमध्ये कळलं की कॅंपससमोरचा तो बार पाडणार आणि तिथे कॉन्डोची इमारत येणार. शेवटच्या शनिवारी दुपारी सगळ्या जुन्या ब्रदर लोकांनी जमायचं ठरलं. भाऊंना बोलावणं आलं नव्हतं, फेसबुकवर दिसलं. ‘‘ओपन टू ऑल ब्रदर्स लिहिलंय,’’ त्यांनी मला फोन उघडून दाखवलं. वहिनींनी यायला साफ नकार दिला. मग त्यांनी मला बाहेर गाठलं, मी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होतो.

‘‘भाऊजी, तुम्ही जा यांच्याबरोबर. मला नाही बघवणार. एकानं जरी नावानं हाक मारली ना, तरी या माणसाचं वर्ष चांगलं जाईल हो.’’

आता नाही कसं म्हणायचं?

डेनिसभाऊ बाहेर आले ते काळ्या सूटमध्ये. टाय, चकचकीत बूट. मुलीच्या कम्युनियनला घातलेलाच सूट, बटण लागत नव्हतं. मी म्हटलं, ‘‘अहो, बारमध्ये चाललोय ना? तुमचा तो हाऊसचा स्वेटशर्ट घाला की.’’ ते म्हणाले, ‘‘रियुनियन आहे देशमुख. डिसेन्सी पाहिजे.’’

तिथे पोचलो तर सगळे विटलेल्या स्वेटशर्टांत, छातीवर ग्रीक अक्षरं, हातात बिअरचे मग. पन्नाशीचे बाप्ये पोरांसारखे ओरडत होते. सूटमध्ये एकटे आमचे भाऊ. ते दाराजवळ हात बांधून उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसत राहिले. दोघांनी त्यांच्या हातात कोट दिले. भाऊंनी ते नीट हॅंगरला लावले. मला इतका संताप आला! मी म्हटलं, ‘‘भाऊ, आत जा, सांगा ना मी डेनिस म्हणून.’’

‘‘स्कॉट ओळखेल,’’ ते म्हणाले. ‘‘स्कॉट येऊ दे.’’

स्कॉट आतच होता. टेबलावर चढून भाषण करून झालं, धडपडत उतरला आणि एका मित्राला बगलेत धरून थेट आमच्याकडे आला. डेनिसभाऊ ताठ झाले. त्यांनी उजवा हात पुढे केला. करंगळी वाकवलेली मला स्पष्ट दिसली.

स्कॉटने त्या हाताकडे पाहिलं आणि त्यात गाडीची चावी ठेवली.

‘‘काळी एसयूव्ही, मागच्या पार्किंगमध्ये,’’ तो म्हणाला. ‘‘आम्हा दोघांना हॉटेलवर सोड, बडी.’’

मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊंनी माझ्या पायावर पाय दिला. ‘‘शुअर,’’ म्हणाले.

गाडीत मी पुढे बसलो, ते दोघे मागे. मित्र लगेच झोपला. भाऊंनी सूटच्या खिशातून त्रिकोणी पिशवी काढली, उलगडली आणि मागे वळून स्कॉटच्या हातात दिली. ‘‘दोन्ही कान धर, तोंड मोकळं ठेव, नजर लांब रस्त्यावर,’’ इंग्रजीत म्हणाले.

स्कॉट पिशवीकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘‘आमच्यात एक होता. अशीच पिशवी द्यायचा. पेंटवाली व्हॅन होती त्याची. काय बरं नाव... डॅनी?’’

‘‘डेनिस,’’ भाऊ म्हणाले.

‘‘डेनिस! येस! काय पोरगा होता! त्याच्यामुळे आम्ही जिवंत आहोत. काय झालं रे त्याचं पुढे?’’

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. दुसरं काय करणार?

‘‘बरा आहे,’’ भाऊ म्हणाले. ‘‘गावातच असतो. बायको आहे, मुलगी आहे.’’

‘‘आम्ही त्याला कधी आत बोलावलं नाही,’’ स्कॉट म्हणाला. ‘‘तो बाहेर व्हॅनमध्ये थांबायचा. थंडीत. भेटला तर हॅलो सांग.’’

‘‘सांगतो.’’

हॉटेलात भाऊंनी दोघांना लिफ्टपर्यंत नेलं. स्कॉटच्या बुटाची लेस सुटली होती, तीही वाकून बांधून दिली.

आमची गाडी बारपाशी होती. चालत परत निघालो. पाच वाजता काळोख झालेला, वारा नुसता चावत होता. मी भडकलो. ‘‘सांगितलं का नाही तुम्ही त्याला?’’

‘‘अरे, किती ओशाळला असता तो. सगळ्यांसमोर मला चावी दिली ना त्यानं.’’ त्यांनी कोटाची कॉलर वर केली. मग म्हणाले, ‘‘आठवण काढली ना पण. तू ऐकलंस ना? फिलोमिनाला तू सांग. मी सांगितलं तर तिला खरं वाटत नाही.’’

दार वहिनींनीच उघडलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. भाऊ बूट काढायला वाकले ते वाकूनच राहिले.

‘‘वहिनी,’’ मी म्हटलं, ‘‘स्कॉटने आठवण काढली. डेनिसचं काय झालं पुढे, म्हणाला. त्याच्यामुळे आम्ही जिवंत आहोत, म्हणाला.’’

‘‘नाव घेतलं?’’

‘‘घेतलं.’’

त्यांनी माझा चेहरा वाचून पाहिला. त्यांना काय कळलं नि काय नाही, देव जाणे. ‘‘सूप गरम करते,’’ म्हणाल्या आणि पदराने नाही, एप्रनने डोळे पुसत आत गेल्या.

मी निघालो तसं डेनिसभाऊंनी मला दारात थांबवलं. आत पाहिलं, बाहेर पाहिलं आणि माझा हात हातात घेतला. त्यांची करंगळी माझ्या तळहातावर वाकलेली लागली.

मीही वाकवली. मला ती बरोबर जमली की नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. हात मात्र सोडला नाही.