एकेक पायरी खाली

वरची खोली हातची गेल्याचं चष्मेवाल्यांना कळलं, ते भाडेकरूच्या दारातच. भाडेकरू बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. कराराची मुदत केव्हाच संपली होती. आता लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला येतेय, तिला खोली लागेल, असं चष्मेवाल्यांनी त्याला सांगितलं.

"काका, काकू म्हणाल्या होत्या, हे घर आपलंच समज. त्यांच्या माघारी त्यांचा शब्द मी कसा मोडू?"

काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांना विचारायची सोय नव्हती. पण त्या असं म्हणाल्या असणार, याबद्दल चष्मेवाल्यांना तिळमात्र शंका नव्हती. मीटर बघायला येणाऱ्यालाही त्या हेच सांगायच्या.

लेकीने फोनवर बजावलं, आधी वकील गाठा. चष्मेवाल्यांचं म्हणणं पडलं, नाकावरची माशी हाकलायला पलटण कशाला? त्यांनी वरचं पाणी बंद केलं. भाडेकरू टॉवेल खांद्यावर टाकून खाली हजर. तोंडभर साबण फासलेल्या माणसाला नाही तरी कसं म्हणणार?

मग त्यांनी वरची वीज तोडली. अंधारात शिजवता येत नाही म्हणून भाडेकरूने खालच्या शेगडीवर दोघांचा स्वयंपाक केला. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच चष्मेवाल्यांच्या पानात न करपलेलं अन्न पडलं. रागाच्या भरात त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

शेवटी तो कामावर गेल्याचं बघून त्यांनी कुलूपच बदललं. संध्याकाळी तो पायरीवर बसून असं रडकं वाजवू लागला, की शेजारणी गॅलरीत जमल्या आणि चष्मेवाल्यांकडे बघू लागल्या. त्यांनी त्याला मुकाट्याने आत घेतलं. तो दिवाणावर आडवा झाला आणि घोरू लागला.

तेव्हा कुठे चष्मेवाले वकीलबाईंकडे गेले.

"पाणी, वीज, कुलूप, सगळं तुम्हीच केलंत?"

"एकट्याने," चष्मेवाले छाती काढून म्हणाले.

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. "काका, आधी नोटीस, मग कोर्ट, आणि कुलपाला हात लावायचाच नाही. आता दावा तोच लावेल तुमच्यावर. पळा, सगळं होतं तसं करून द्या."

चष्मेवाले धापा टाकत घरी आले. पाणी सोडलं, वीज जोडली, नवी किल्ली भाडेकरूपुढे धरली. त्याने ती घेतलीच नाही.

"वर ताईंना राहू द्या. मला एकट्याने जेवायचा कंटाळा येतो. मी आपला इथेच बरा."

त्याने स्वतःच वरचं सामान खाली आणलं. चष्मेवाल्यांनी वकीलबाईंना फोन लावला. खोली रिकामी झाली, पण माणूस आता माझ्या दिवाणावर आहे, आता दावा कसला लावायचा?

"छे, तिथे तो पाहुणा. पाहुण्याला काढायला वकील कशाला हवा? जा म्हणून सांगायचं, झालं."

लेक वर राहायला आली, बाळ आता रांगायलाही लागलं. भाडेकरूला जा म्हणून सांगायचं तेवढं अजून राहिलं आहे.