बोंबीलचा कान

"ह्या घरात माझो गुडघो इतकी वर्सां दुखता, त्येका कोण डॉक्टर आणीत नाय. तुका मात्र उद्या डॉक्टर. ऐश आसा रे तुझी."

दत्ताराम पडवीत बसून पुटपुटत होता. समोर ऐकायला एकटा बोंबील, म्हणजे त्या घरातला लांबुडका, हडकुळा कुत्रा. आणि त्याचा एक कान सध्या काही ऐकण्याच्या स्थितीत नव्हता. दाराआड तांदूळ निवडणाऱ्या सुनेने, रूपालीने, सगळं ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

हे त्या घरात सगळ्यांनाच छान जमे. बोंबील पिल्लू म्हणून आला तेव्हा दत्तारामने जाहीर केलं होतं, "ह्या घरात एक तर कुत्रो ऱ्हवात, नायतर मी." तेव्हापासून दोघेही राहत होते. बोंबील झोपे त्याच्याच खाटेखाली, बांगड्याचं डोकं खाई त्याच्याच ताटातलं. पण कोणी चुकून "तुमचो कुत्रो" म्हटलं की दत्ताराम बोंबीलला हाकलून देई आणि मग स्वतःही जेवत नसे. म्हणून बोंबील कोणाचा, हा विषय घरात निघतच नसे.

आता बोंबीलचा कान पिकला होता. खरं तर आठवडाभर वास येत होता, पण मासे सुकवणाऱ्या घरात वासाची चौकशी कोण करतो? सगळ्यांनी तो सुक्या सुंगटांच्या नावावर टाकला. बोंबील मान झटकून झटकून रडायला लागला तेव्हा कुठे कान उघडून बघितला.

रूपालीने सकाळीच नाक्यावरच्या कॉइन बॉक्सवरून गुरांच्या डॉक्टरांना फोन लावून शुद्ध मराठीत हकिगत सांगितली होती. ते उद्या सकाळी येणार होते. तोवर कानात काही घालू नका, तेल तर नाहीच. बाहेरून घट्ट पिळलेल्या फडक्याने हलकेच पुसा, खाजवू देऊ नका आणि पाण्यात जाऊ देऊ नका, नाहीतर फार दुखेल, असं त्यांनी बजावलं.

ती घरी आली तर दत्ताराम लसूण घालून खोबरेल कढवत होता. म्हणाला, गुडघ्याक. रूपालीने समोर उभं राहून सगळी वाटी त्याच्या गुडघ्याला चोळायला लावली. गुडघा खरंच मोकळा झाला, याचा त्याला आणखीच राग आला.

खाजवणं थांबवायला तिच्या नवऱ्याने, बाबलीने, बापाचा लाल रुमाल बोंबीलच्या डोक्यावरून कानांवर सैलसर बांधला. रुमालात बोंबील हुबेहूब किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला निघालेला दत्ताराम दिसू लागला. बाबली न्हाणीत जाऊन हसून आला.

दुपारी रापणीची हाक आली. रूपालीने बोंबीलला माडाला बांधलं आणि सगळे किनाऱ्यावर गेले. दत्ताराम रापणीचा म्होरक्या. जाळ्याचा दोर एकदा धरला की जाळं वाळूवर येईपर्यंत सोडायचा नाही, सोडला तर मासळीचा वाटा नाही, हा नियम त्याचाच. घरी पाहुणे आले म्हणून दोर सोडून गेलेल्या भिकाजीला त्याने एकदा रिकामी पाटी घेऊन परत पाठवलं होतं. भिकाजी ते विसरला नव्हता.

जाळं जवळ आलं, बांगडे चमकायला लागले, आणि माडाला बांधलेली सुंभाची दोरी तोडून ती मागे फरफटवत लाल रुमाल थेट समुद्राकडे धावला. उड्या मारणाऱ्या माशांवर भुंकायला बोंबील दर रापणीला गळाभर पाण्यात शिरे.

दत्तारामने दोर सोडला.

मागची माणसं एकमेकांवर आपटली, जाळं ढिलं पडलं आणि बरेचसे बांगडे आल्या वाटेने परत गेले. दत्ताराम त्याच गुडघ्याने पळाला, पाण्यात शिरला आणि लाटेच्या आधी बोंबीलला उचलून, दुखरा कान वर धरून वाळूत येऊन बसला. रुमाल कोरडा होता.

भिकाजी तोंडातली वाळू थुंकत, पण बऱ्यापैकी आनंदाने जवळ आला.

"दोर सोडलंस, दत्तारामा. वाटो गेलो तुझो."

"गेलो तर गेलो."

"आणि ज्येच्यापायी सोडलंस, तो कुत्रो कोणाचो रे?"

बाबली आभाळाकडे बघू लागला. रूपाली पदरावरची वाळू झटकू लागली, जी तिथे नव्हतीच. दत्तारामने रुमालाची गाठ सारखी केली. बोंबीलने त्याची हनुवटी चाटली.

"कोणाचो म्हणजे?" दत्ताराम म्हणाला. "माझो."