वानखेडेकाका आणि न मिळणाऱ्या गोळ्या

लिफ्ट तपासणं हा वानखेडेकाकांचा धंदा, आणि ते स्वतः मात्र जिन्यानं जायचे.

आमची ओळखच तशी झाली. ऑकलंडमधल्या आमच्या ऑफिसात ते तपासणीला आले होते. नवव्या मजल्यावर, जिन्याच्या दारात, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभे. मराठी तोंडवळा बघून मी विचारलं, "काका, लिफ्ट बंद आहे का?"

"चालू हाय जी. एकदम फिट. आत्ता मीच तपासली."

"मग जिन्यानं का?"

"तिच्यात काय काय बिघडू शकते, ते मले माहीत हाय न, भाऊ."

काका मूळ अमरावतीचे. हिल्सबरोत आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. काकू ब्रिस्बेनला लेकीकडे सहा महिन्यांसाठी म्हणून नातू सांभाळायला गेल्या, आणि त्या सहा महिन्यांना आता तिसरं वर्ष लागलं होतं. काका एकटेच. त्यांना मोटरवेची भीती, समुद्राची भीती, गॅसच्या शेगडीची भीती. घरातून निघताना कुलूप तीनदा ओढायचे आणि वर मला म्हणायचे, "तुम्ही पण एकदा खात्री करून घ्या, बाप्पा." बीचवर घालायला टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, विकत घेतले होते, ते गुडघ्यापर्यंतच ओले झाले. पण एकदा त्यांच्या न्हाणीघरात भलामोठा वेटा शिरला. हाताएवढा, काटेरी पायांचा किडा. मी चप्पल उचलली, तर काका ओरडले, "मारू नका!" आणि वाडगं उपडं घालून, खाली कागद सरकवून, स्वतः पानासारखे थरथरत तो कुंपणात सोडून आले.

अशा माणसानं बंदुकीचा परवाना काढला, हे मला त्याच्या चौकशीला पोलिसांकडून बाई घरी आल्या तेव्हा कळलं. काकांनी ओळखीतला माणूस म्हणून माझं नाव दिलं होतं. बाईंच्या हातात फॉर्म, माझ्या हाताला घाम.

"ते चिडतात का?"

"एकदा सँडरिंगहॅमच्या दुकानातल्या पुरणपोळीत जायफळ नव्हतं, तेव्हा ते दुकानदाराला 'आय ॲम डिसअपॉइंटेड' म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागून आले."

बाईंनी ते लिहून घेतलं.

परवान्यामागे होता कॉलिन, काकांचा शेजारी. ऐंशीला टेकलेला, तरुणपणी साउथ आयलंडच्या डोंगरांत सरकारसाठी हरणं मारलेला. त्याची नजर अधू झाली होती. नेमबाजीच्या मैदानावर सोबत जायला परवाना असलेला कुणीतरी त्याला हवा होता. काका जायचे, कानांत दोन-दोन बोळे घालून बसायचे आणि घोड्याला बोटही न लावता परत यायचे.

मग २०१४ च्या हिवाळ्यात कॉलिनची बायको जॉइस गेली, आणि काकांनी गोळ्या शोधायला सुरुवात केली.

आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर असायची ती थ्री-नॉट-थ्री सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलिनची रायफल तिची चुलत बहीण. काडतूस थ्री-नॉट-थ्रीचंच, पण पुढे गळा आवळून बारीक केलेला आणि त्यात लहान गोळी. कधीकाळी इकडे ती पुष्कळ चालायची, मग कारखान्यांनी बनवणं सोडून दिलं. काही हौशी लोक घरी भरून घेतात, पण कॉलिनच्या हातून आता चहाचा कपसुद्धा हिंदकळायचा. जवळची काडतुसं संपून वर्ष झालं होतं.

दर शनिवारी सकाळी काकांचा फोन. "निखिलभाऊ, हॅमिल्टनच्या अलीकडे एक दुकान हाय म्हणतात." मोटरवेवर गाडी चालवायला मी. काका शेजारी, दाराच्या वरची कडी दोन्ही हातांनी धरून, "लेफ्ट लेन, लेफ्ट लेन" पुटपुटत. बंदुकीच्या दुकानांत भिंतीभर हरणांची मुंडकी. पहिल्या दुकानात मी आत गेलो. दुकानदार हसला, "मेट, ती तर मी शाळेत असताना बंद झाली!" त्यानंतर मी गाडीतच बसायचो. काका परवान्याची फाइल छातीशी धरून आत जायचे आणि बाहेर येऊन मान हलवायचे. कॉलिनलाही तेच सांगायचे. आमच्या फोनवर सारखं "गोळ्या मिळाल्या का?" चालायचं. माझ्या बायकोला तीन आठवडे वाटत होतं, काकांची ब्लडप्रेशरची गोळी न्यूझीलंडात मिळत नाही.

एका रविवारी दुपारी एक्स्टेन्शन कॉर्ड मागायला मी त्यांच्या गराजमध्ये शिरलो. काकांची पाठ माझ्याकडे होती. लोखंडी कपाट उघडं, आणि त्यात त्याच काडतुसांचे सात जुने डबे. प्रत्येकावर लिफ्टवर लावतात तसं स्टिकर, तारीख आणि सही.

एकटा माणूस, बायको परदेशी, आणि गोळ्या मिळत नाहीत असं सगळ्यांना सांगत लपवून ठेवलेले सात डबे. मागे सरावं की पुढे व्हावं, कळेना.

"काका," मी विचारलं, "हे कशासाठी?"

ते दचकले. मग कपाटाला कुलूप लावलं, तीनदा ओढलं आणि उलट्या बादलीवर बसले.

"कॉलिननं कुत्रा देऊन टाकला," ते म्हणाले. "आधी मासे पकडायचा गळ. मग मले शिडी. मग कुत्रा. आणि मग म्हणे, सुधा, मले तो सुधाच म्हणते, एक डबा बघ न. पुरा नसला तरी चालंल. 'वन विल डू, मेट.'" त्यांनी एक बोट वर केलं. "एका गोळीत कोणती शिकार होते, भाऊ?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"मी नाही म्हटलं असतं, तर त्यानं दुसऱ्या कोणाले सांगितलं असतं. म्हणून म्हटलं, मी शोधतो. जिथं जिथं हाय, तिथून उचलून आणायची, फाइलच्या आड लपवून. त्याच्या आधी."

"पण डॉक्टरांना सांगा की!"

"सांगितलं न, पहिल्याच आठवड्यात. डॉक्टरकडून एक बाई त्याच्या घरी आल्या. रायफल देऊन टाका म्हणाल्या. तो हसला. म्हणे, गोळीच नाही, ती आता नुसती काठी हाय."

त्या दिवसापासून माझीही झोप उडाली. कॉलिनच्या घरावरून जाताना पडदे उघडलेत का बघायचो. काका रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून त्याचं दार वाजवायचे. साखर, पाना, टपाल. साखर तर त्यांना डॉक्टरनं बंद केलेली होती.

आणि मग एका बुधवारी दुपारी काकांचा ऑफिसात फोन आला. बोलताना दम लागत होता, जिना चढल्यासारखा. पुकेकोहेच्या पुढच्या, कॉलिनच्या जुन्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला म्हाताऱ्या बापाच्या शेडमध्ये एक डबा सापडला होता, आणि त्यानं थेट कॉलिनलाच फोन केला होता. कॉलिन कोट घालून दारात उभा होता.

आम्ही तिघं निघालो. नेलं नसतं, तर तो टॅक्सीनं गेला असता. शेतकऱ्यानं परवाना बघितला, डबा दिला, वर चहा विचारला. सगळं पाच मिनिटांत. परतताना कॉलिन माझ्या शेजारी, डबा मांडीवर, त्यावर दोन्ही हात. जॉइस गेल्यापासून मी त्याला इतकं शांत पाहिलं नव्हतं, आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटली.

"निखिलभाऊ, गाडी बाजूले घ्या," मागून काका म्हणाले.

मी एका कांद्याच्या शेताशी थांबलो. काका मागच्या सीटवरून पुढे वाकले. इंग्रजीत, शब्द एकेक करत, त्यांनी विचारलं, "कॉलिन, यातली गोळी तू स्वतःसाठी घेतलीस का?"

मला वाटलं, आता हा दार उघडून चालू लागेल. किंवा काकांच्या थोबाडीत देईल. कॉलिन कांद्यांच्या ओळी बघत राहिला. एक ट्रॅक्टर पलीकडच्या टोकापर्यंत जाऊन वळला.

"माहीत नाही, सुधा," तो शेवटी म्हणाला. "काही सकाळी तसं वाटतं. सगळ्याच नाही."

काकांनी दोन सीटांमधून हात पुढे केला. कॉलिननं डबा त्या हातावर ठेवला, आणि मग स्वतःचा हात काढून घ्यायचं विसरला.

"आता डॉक्टरकडे," काका म्हणाले. "आत्ताच. मी बरोबर बसतो."

संध्याकाळचे सहा वाजले तिथं. पुढच्या दिवशी रायफल आणि आठही डबे पोलिसांकडे गेले. पावती काकांनी फाइलला लावली. कॉलिनला औषधं सुरू झाली. बोलायला एक बाई दर आठवड्याला येऊ लागल्या. लगेच बरा झाला असं नाही. वसंतात पुन्हा एक वाईट पंधरवडा आला, तेव्हा काका त्याच्या सोफ्यावर झोपले. पण तो राहिला. दर गुरुवारी काकांच्या हातचं तिखटजाळ पिठलं खाऊन लालबुंद व्हायचा आणि पुन्हा वाढ म्हणायचा.

अशाच एका गुरुवारी, तो जेवून गेल्यावर, मी काकांना विचारलं, "त्या दिवशी विचारायला भीती नाही वाटली?"

"लय वाटली."

"मग विचारलंत कसं?"

काका भांडी विसळत होते. नळ बंद केला, पण वळले नाहीत. "तुमची काकू गेली न ब्रिस्बेनले, त्या पहिल्या हिवाळ्यात मले रोज वाटे, कोणीतरी आपल्याले असं विचारावं. सरळ. कोणी विचारलं नाही."

त्या हिवाळ्यात दर शनिवारी किराणा आणायला त्यांना गाडीतून मीच नेत होतो. सारा रस्ता आम्ही लिफ्टवरून हसायचो.

मी उठलो, त्यांच्या शेजारी ओट्याला टेकून उभा राहिलो आणि, तीन वर्षं उशिरा का होईना, त्यांना तेच सरळ विचारलं.