गावंडे काका गाडी धुतात

आमच्या शेजारचे गावंडे काका रोज सकाळी गाडीच्या टायरमध्ये अडकलेले बारीक खडे केसांच्या आकड्यानं उकरून काढतात. चारही चाकांचे. त्यासाठी पोर्चमध्ये एक लाकडी पाट ठेवलेला आहे. त्यावर मांडी घालून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, दातांचे डॉक्टर बघतात तसे ते चाकाकडे बघत बसतात. गंमत म्हणजे ही गाडी महिन्यातून फार तर दोनदा कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाते आणि वळून परत येते. मग रोज खडे येतात कुठून, असं मी त्यांना एकदा विचारलं.

"येत नाहीत, सर," काका म्हणाले. "पण पाहाले काय जाते?"

मी अमरावतीत एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, म्हणून कॉलनीत सगळे मला सर म्हणतात. काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म खांबावर चढण्यात गेला. निवृत्तीनंतर त्यांनी ही पांढरी गाडी घेतली आणि ती धुणं हाच धंदा धरला. सकाळी सहाला सुरुवात, नऊला शेवट. तीन तासांत आमच्याकडे अख्खी वरात धुऊन निघेल.

पद्धत ठरलेली. आधी सुक्या कापडानं धूळ झटकायची. मग पाणी. मग शॅम्पू, मग पुन्हा पाणी, मग पुसणं. टपाचं कापड वेगळं, दारांचं वेगळं, चाकांचं वेगळं. त्यांच्या दोरीवर माणसांच्या कपड्यांपेक्षा गाडीचे कपडे जास्त असायचे. एसीच्या जाळीत कान कोरायची काडी फिरायची, दाराच्या फटीत टूथब्रश. आणि कोणी जाता-जाता "काका, किती वेळ?" असं म्हटलं, की उत्तर ठरलेलं: "घाई कोणाले हाय?"

पाणी मात्र ते जपून वापरत. हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण त्यांनीच मला शिकवलं होतं. कपडे खंगाळलेलं शेवटचं पाणी ते बादल्यांत भरून ठेवत आणि अर्ध्या मगात एक दार धूत. "पाणी ओताचं नसते सर, दाखवाचं असते," असं म्हणायचे. हे ठाऊक होतं, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. नंतर सांगायला जड जाईल.

काका धुताना गाडीशी बोलायचे. आमच्या कॉलनीची ही खास करमणूक होती. पोर्चला वर छप्पर नाही, कडेनं कमरेच्या वरपर्यंत पत्रा मारलेला, गाडी भिंतीकडे तोंड करून उभी, काचांना आतून फुलाफुलांचे पडदे. बाहेरून फक्त काकांचं डोकं दिसायचं आणि आवाज ऐकू यायचा. "हो, हो, झालंच." "एवढं एक दार राहिलं." "अवो, अशी मळकी गाडी घेऊन गेलो तं लोक काय म्हणतीन?" चिखलदऱ्याला कॉलनीची सहल गेली होती, तेव्हा शेकोटीभोवती मी काकांची नक्कल केली. पाण्याच्या बाटलीला गाडी केलं आणि तिला रुमालानं पुसत "अवो, झालंच" म्हणालो. लोक पोट धरून हसले. काका सहलीला आले नव्हते. काकूंचे गुडघे दुखतात म्हणून ते कुठेच येत नसत. काकू तर दोन वर्षांत क्वचितच कुणाला दिसल्या असतील.

आता मी त्यांच्यावर डूख का धरला, ते सांगतो. कारण इतकं क्षुल्लक आहे की लिहितानाही कानकोंडं होतं.

मी गाडी घेतली तेव्हा एका रविवारी तिची काच जुन्या बनियननं पुसत होतो. काका पत्र्यावरून वाकले. "सर, हे बनियान हाय का पॉलिशपेपर?" असं म्हणून आत आले, बनियन माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतःचं मऊ कापड आणून दीड तास माझी गाडी चकचकीत करून दिली. चहासुद्धा घेतला नाही. इथपर्यंत ठीक. पण पुढच्या आठवड्यात अकोल्याहून माझा साळा गाडी बघायला आला. मी त्याला दार उघडून ऐटीत दाखवत होतो, तेवढ्यात काका आले. डॅशबोर्डवरून एक बोट फिरवलं, धुळीनं माखलेलं बोट साळ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "सर, वर्गात फळा बी असाच पुसता काय?"

साळा हसला. बायको हसली. मीही हसलो, पण ते बोट माझ्या मनात रुतून बसलं.

एप्रिल आला. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढ्या धारेनं. कॉलनीच्या ग्रुपवर रोज पाण्याची बोंब. एका सकाळी मी गच्चीवर होतो. खाली काका ओळीनं पाच बादल्या मांडून गाडीच्या टपावर मग रिकामा करत होते. मी मोबाईल काढला, चित्रण केलं आणि ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं: "काहींना पाणी म्हणजे बापाची इस्टेट वाटते."

त्या बादल्यांत काय आहे हे मला ठाऊक असताना.

ग्रुप पेटला. कोणी हसण्याची चित्रं टाकली, कोणी नळजोडणी तोडा म्हणालं. मी दिवसभर वर्गात मुलांना निबंध लिहायला लावून मोबाईल बघत बसलो. काका ग्रुपवर नव्हते, पण कुणीतरी त्यांना नेऊन दाखवलंच. संध्याकाळी ते आमच्या फाटकाशी आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"सर, तो व्हिडिओ तुमी काढला काय?"

मी पन्नाशीचा माणूस. मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारा. मी म्हणालो, "मी? नाही हो काका. कुणी काढला कोण जाणे."

काका "बरं," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवसापासून पोर्च शांत. गाडीवर निळं आच्छादन. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण सकाळचा चहा काही केल्या गोड लागेना. शिवाय त्यांच्या घरातून आवाज यायला लागले. बाईचा आवाज, चढलेला, रडका. मधेच काकांचा, समजावणीचा. नवरा-बायकोचं काही असेल, असं म्हणून मी खिडकी लावून घेतली.

चौथ्या दिवशी साडेआठच्या सुमारास काका आमच्या दारात उभे राहिले. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. "सर, काकू घरात नाही. मी आंघोळीले गेलतो. दार उघडं हाय."

त्यांची गाडी आच्छादनाखाली होती. मी माझी काढली. कुठे जायचं विचारलं तर एकच शब्द म्हणाले, "स्टँड."

परतवाड्याची बस लागली होती. काकू दुसऱ्या बाकावर खिडकीशी बसल्या होत्या. जरीकाठाचं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, मांडीवर पिशवी. पिशवीतून टीव्हीचा रिमोट आणि तीन संत्री डोकावत होती. शेजारी कंडक्टर उभा होता. काकांना बघताच म्हणाला, "तुमच्या हायत काय ह्या? म्या गाडी सोडली नाही. माय म्हणते, बाबा वाट पाहून राहिले. गावाचं नाव इचारलं तं सांगता येत नाही."

काका बसमध्ये चढले. रागावले नाहीत, हात धरून ओढलं नाही. वाकून म्हणाले, "बसनं कावून जातं? आपली गाडी हाय ना. चाल."

काकू पिशवी घेऊन उठल्या.

परत येताना काकू माझ्या शेजारी पुढे बसल्या, काका मागे. काकूंनी डोळे मिटल्यावर काका हळूहळू बोलायला लागले.

दोन वर्षांपासून असं आहे. रोज पहाटे काकूंना माहेरी जायचं असतं. माहेर परतवाड्याजवळ, वडलांची भाजीपाल्याची आणि फुलांची वाडी. वडील जाऊन तीस वर्षं झाली, वाडी विकली गेली. काकांनी एकदा नेलंही. पण त्या घरातल्या अनोळखी माणसांना बघून काकू इतक्या घाबरल्या, की आठ दिवस जेवल्या नाहीत.

"तवापासून मी नाही म्हणत नाही," काका म्हणाले. "म्हणतो, जाऊ, पण गाडी तं धुऊ दे. मळक्या गाडीत माहेरी जाशीन काय? ते तिले पटते. मंग ती पुढच्या सीटवर जाऊन बसते. मी धूत राह्यतो. जितका उशीर लावता येते तितका लावतो. नऊ वाजेपर्यंत तिले भूक लागते. पोहे खायाले घरात येते अन् इसरून जाते."

"म्हणून तुम्ही बोलत असता..."

"तिच्याशी. ती काचेतून इचारते, किती राहिलं. मी सांगतो, एक दार." त्यांनी पुढे वाकून काकूंच्या मांडीवरची पिशवी सावरली. "मले गाडीचा शौक नाही, सर. शौक कायचा? खांबावर चढणाऱ्याले पॉलिशचं काय समजते? पण रोज तीन तास काढाचे तं काम शोधा लागते ना."

गच्चीवरून गाडीचा टप दिसतो. टपाखाली कोण बसलंय ते दिसत नाही. मी राजकमल चौकात लाल दिव्यापाशी थांबलो आणि आरशात न बघता म्हणालो, "काका, तो व्हिडिओ मी काढला होता."

"मालूम हाय," काका म्हणाले. "तुमच्या गच्चीवरूनच तं माहा पोर्च दिसते."

"मग मी नाही म्हणालो तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"म्हटलं, माणसाले लाज वाटून राहिली. जाऊ द्या."

मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले तेव्हा दिवा हिरवा झालेला मला कळला.

मी ग्रुपवर सगळं लिहिणार होतो. काकांनी हात जोडले. "तिचं नाव नका आणू तिथं. शाहाणी बाई होती ते." म्हणून मी एवढंच लिहिलं, की व्हिडिओ मी काढला, त्याखालचा मजकूर खोटा होता, काका वापरलेलं पाणी वापरतात. लोकांनी दोन दिवस मला सुनावलं, मग विसरले. काकांना मात्र अजूनही वेडेच समजतात. कोणी माझ्याकडे नक्कल करून दाखवायची फर्माईश केली, की मी विषय बदलतो. याहून जास्त मला काही करता येत नाही.

गाडी पुन्हा धुतली जाते. हे लिहिताना काका-काकूंची आणि शेजाऱ्यांची नावं मी बदलली आहेत, एवढी काळजी उशिरा का होईना घेतली.

मागच्या महिन्यात काकांच्या कमरेत उसण भरली. "दोन दिवस धुऊन देता काय, सर?" हे विचारताना तेच जास्त संकोचले. मी सहाला गेलो. ते पाटावर बसून सूचना देत होते, "वरून खाली, सर, वरून खाली!" थोड्या वेळानं ते चहा ठेवायला आत गेले, तशी पुढच्या दाराची काच खाली आली. काकूंनी पडदा सारला आणि मला खुणेनं जवळ बोलावलं.

"तुमी कोण?"

"शेजारचा, काकू."

"रोज तं ते दुसरे असतात. ते म्हातारे." त्यांनी घराकडे नजर टाकली आणि आवाज अगदी बारीक केला. "लय चांगलं माणूस हाय. मले माहेरी जाचं हाय, उशीर होते. पण त्याईले मी काही म्हणत नाही."

"का हो?"

"घरी कोणी दिसत नाही त्याईले," काकू म्हणाल्या. "म्हणून मी येऊन बसते."