दाइम्योचा उजवा पदर

"अभिनय रक्तात असला की भाषा आड येत नाही!" असं मी शामलाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, छातीठोकपणे सांगितलं.

साल अठ्ठ्याण्णव. कुवेतमधल्या फहाहीलच्या आमच्या ऑफिसातले हिरायामासान कायमचे जपानला निघाले होते. निरोपाला आम्ही मराठी मंडळी नाटक करणार होतो: एका दाइम्योचं, म्हणजे तिकडच्या जुन्या जहागीरदाराचं, अख्खं आयुष्य. दाइम्यो अर्थात मी!

शामलाने पांढऱ्या चादरीचा किमोनो शिवला. डोक्याला पोहायची टोपी, वर काळ्या लोकरीचा बुचडा. आरशात सोललेला कांदा दिसत होता, पण करारी!

"कुठला पदर वर घेऊ गं?"

"घ्या कुठलाही! चादरीला काय कळतंय?"

मी उजवा घेतला.

दाइम्योचं बालपण निवेदकाने उरकलं आणि मी गरजत आत शिरलो, "हा किल्ला माझा आहे!"

पहिल्या रांगेतले हिरायामासान ताडकन उभे राहिले! पाहुणे उभे म्हणून सगळं सभागृह उभं.

"राष्ट्रगीत आहे का हो?" मागून कुणीतरी विचारलं.

मला तर स्फुरणच चढलं! शत्रू म्हणून एकटा शरद होता. त्यालाच पुन्हा पुन्हा मारला.

"अरे, मी मघाशीच मेलोय!" तो कळवळला.

अखेर किल्ला पडला, दाइम्यो कोसळला. आता उठून भुताचं लांबलचक भाषण करायचं होतं. इतक्यात शेजारी पावलं वाजली. एक डोळा किलकिला केला, तर हिरायामासान गुडघे टेकून माझ्यापुढे वाकलेले! खांदे गदगदत होते.

"उठू का?" मी इंग्रजीत कुजबुजलो.

"प्लीज, जरा वेळ असेच राहा." मग खूप हळू म्हणाले, "आमच्याकडे उजवा पदर वर घेऊन फक्त मृतालाच नेसवतात. गेल्या महिन्यात माझे वडील गेले. प्लांटचं दुरुस्तीचं शटडाऊन होतं, रजा मिळेना, जाता आलं नाही. तुम्हाला असं पाहिलं आणि बसवेना."

पाठ केलेलं भाषण मी गिळून टाकलं. पडदा पडला तरी हललो नाही.

ऑफिसात आमची टेबलं शेजारी-शेजारी हो! रोज "गुड मॉर्निंग" व्हायचं, चहा व्हायचा. आणि त्या माणसाचे वडील गेल्याचं मला कधी कळावं? तर त्याच्यासमोर मढं होऊन पडल्यावर!